शेंगांच्या टरफलांपासून अणुकचऱ्यापर्यंत

प्रश्न : माझी मुलगी चाळीसगावला टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय केमिस्ट्री. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तिने भुईमुगाच्या टरफलांनी पाण्यातला रंग काढून दाखवला. आता म्हणते, अशाच नैसर्गिक पदार्थांनी द्रवरूप किरणोत्सारी कचरा साफ करण्यावर काम करायचंय. यात नोकरी आहे का? मुलीच्या जातीला किरणोत्साराजवळ पाठवणं बरं का? की सरळ बी.एड. करू द्यावं? – एक पालक

उत्तर : नमस्कार. मुलीचं खूळ नाही हे, चालू असलेलं काम आहे. इंग्लंडमधल्या सेलाफिल्डच्या अणुकेंद्रात जुन्या अणुइंधनाच्या तलावांचं पाणी १९८५पासून क्लिनोप्टिलोलाइट नावाच्या खनिजाच्या थरातून गाळतात आणि मगच समुद्रात सोडतात. हे खनिज कारखान्यात बनवलेलं नाही, कॅलिफोर्नियातल्या खाणीतून आणलेलं आहे. ते झिओलाइट कुळातलं. आपल्या जळगाव-नाशिकच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटचे स्फटिक सापडतात, ते त्याचेच भाऊबंद. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा घेऊन जा तिला.

झिओलाइटच्या सूक्ष्म पोकळ्यांत सोडियम बसलेला असतो. पाण्यातला सिझियम (अणुकचऱ्यातला किरणोत्सारी धातू, हाच काढायचा असतो) आला की सोडियम उठतो आणि त्याला जागा देतो. एसटीसारखंच, पण गर्दीही तशीच: पाण्यात पोटॅशियम जास्त असेल तर तोच सीटा अडवतो. म्हणून खरं कौशल्य ‘शोषून घेतं का’ यात नाही. हजारपट सोडियम-पोटॅशियम असताना चिमूटभर सिझियम निवडून घेतं का, यात आहे.

टरफलांबद्दल मात्र तिला स्पष्ट सांगा. रंगासाठी ती छान. तीव्र किरणोत्सारात सेंद्रिय पदार्थ हळूहळू तुटतो, वायू सुटतात. जाळून आकारमान कमी करता येतं ही जमेची बाजू, पण मग राखेचं आणि धुराचं काय, हा प्रश्न येतोच. आणि शोषक कुठलाही असो, पाणी साफ झालं की तोच कचरा होतो. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११च्या अपघातानंतर तळघरांतल्या पाण्यात झिओलाइटच्या गोण्या टाकल्या. त्यांनी सिझियम इतका धरून ठेवला की आता त्या गोण्यांजवळ माणूस जाऊ शकत नाही; त्या काढायला दूरनियंत्रित यंत्रं लागताहेत. सिझियम-१३७ निम्मा व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात. तुमच्या मुलीला मुलाखतीत कुणी विचारलंच, तर हेच विचारेल: धरलंस, पुढे काय? तो कचरा सिमेंटमध्ये बंदिस्त करणार की काचेत? याचं उत्तर तिच्याकडे असू दे.

तुमच्या काळजीबद्दल. सुरुवातीचं बहुतेक संशोधन साध्या, अकिरणोत्सारी सिझियमवरच होतं, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच वागतात. प्रत्यक्ष क्षेत्रात गेली तर अंगावर लावायच्या टीएलडी बॅजवर किरणोत्साराचा डोस मोजला जातो, मिलिसिव्हर्ट या एककात. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०पेक्षा जास्त नाही. गरोदरपण कळवल्यावर गर्भासाठीची मर्यादा उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट. या कामात बायका आहेत, पूर्वीपासून आहेत.

नोकरी? ‘नैसर्गिक शोषक’ या नावाने जाहिरात निघत नाही. म्हणून एम.एस्सी.ला विषय अरुंद करू नका. इनऑरगॅनिक किंवा अ‍ॅनालिटिकल घ्यावं, आयन-विनिमय (वर सांगितलेली जागांची अदलाबदल) आणि मापनाची उपकरणं पक्की करावीत. आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते, फॉर्म दिवाळीच्या आधीच भरावे लागतात. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राचं एक वर्षाचं प्रशिक्षण (ओसीईएस) आहे. त्यासाठी ६० टक्के लागतात आणि वयाची अट असते, म्हणून मध्ये वर्षं वाया घालवू नयेत. तिथे जागा मोजक्याच. नाही मिळाली तरी हेच कौशल्य पाणी शुद्धीकरण आणि कारखान्यांच्या सांडपाण्याच्या कामात चालतं, आणि मला विचाराल तर महाराष्ट्रात रोजगार तिकडेच जास्त आहे.

या सुट्टीत तिला एक करू द्या. मत्स्यालयाच्या दुकानात झिओलाइट मिळतं. ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर ठेवायचं आणि आधीचं-नंतरचं पोटॅशियम कॉलेजच्या किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेच्या फ्लेम फोटोमीटरवर मोजायचं. मग त्यात मीठ घालून पुन्हा. आकडा का बदलला हे लिहिताना तिला कंटाळा आला, तर बी.एड.चा फॉर्म भरायला हरकत नाही. नाही आला, तर जॅमचा अभ्यास सुरू करू द्या.