भिंगाशेजारचे छोटे बटण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्टेंबरमध्ये कास पठारावर तेरड्याच्या फुलांची छायाचित्रे काढली. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर (आरशाचा डिजिटल कॅमेरा), लेन्स १०० मिलिमीटरची मॅक्रो (छोट्या वस्तू जवळून टिपणारी), छिद्र एफ ११ (हा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान). व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फुलामागे नुसता हिरवा-गुलाबी पडदा दिसत होता. घरी येऊन संगणकावर पाहिले, तर त्या पडद्यात मागे उभ्या असलेल्या कुणाचा तरी लाल रेनकोट आणि काळी छत्री चक्क ओळखू येत आहे. एका जाणकाराने डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे, म्हणजे पुढून मागे किती खोलीपर्यंतचे स्पष्ट येणार ते आधी दाखवणारे, बटण दाबून पाहण्यास सुचवले, परंतु ते दाबले की केवळ अंधार होतो. बटण बिघडले असेल काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बटण बिघडलेले नाही, अंधार होतो म्हणजेच ते आपले काम चोख करीत आहे. आपण छिद्र एफ ११ वर ठेवले असले, तरी एसएलआर कॅमेऱ्यात क्लिक करण्याच्या क्षणापर्यंत लेन्सचे छिद्र पूर्ण उघडेच असते. चित्र उजळ दिसावे आणि फोकस करणे सोपे जावे, यासाठी केलेली ही सोय आहे. आरसा वर उचलला जात असतानाच छिद्र ठरवलेल्या मापापर्यंत मिटते, प्रकाशन होते (सेन्सरवर प्रकाश पडतो) आणि छिद्र पुन्हा उघडते. याचा अर्थ असा, की आपण डोळ्याने पाहत होता ते लेन्सच्या पूर्ण उघड्या छिद्राचे, म्हणजे एफ २.८ चे दृश्य आणि सेन्सरवर उमटले ते एफ ११ चे. हे बटण दाबल्यावर छिद्र क्लिक न करताच मिटते. एफ २.८ पासून एफ ११ पर्यंत चार स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) होतात, म्हणून प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि आपल्याला काळोख झाल्यासारखे वाटते.

छिद्र आपोआप मिटण्या-उघडण्याची सोय नसलेल्या जुन्या लेन्समध्ये छायाचित्रकाराला कडे हाताने फिरवून छिद्र लहान करावे लागे, त्यामुळे हा अंधार त्याच्या सवयीचाच होता. स्वयंचलित छिद्र आले आणि ते दृश्य दिसेनासे झाले. तेव्हा ते मागितल्यावर दाखवणारे बटण द्यावे लागले. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्यावरही असे बटण होते.

आता आपल्या छायाचित्राचा हिशेब पाहू. फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या एकतृतीयांश उमटत असेल, तर एफ २.८ वर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर मिळते आणि एफ ११ वर सुमारे पाच मिलिमीटर. फुलाच्या दृष्टीने चार मिलिमीटरांचाच फरक पडला. एखादी पाकळी जास्त स्पष्ट आली, इतकेच. मात्र चार मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या रेनकोटावरचा एकेक बिंदू एफ २.८ वर सेन्सरवर सुमारे ११ मिलिमीटर व्यासाच्या चकतीएवढा पसरतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या फ्रेमएवढा. इतक्या पसरटपणात रेनकोट वितळून जातो आणि तांबूस झाक तेवढी उरते. एफ ११ वर हीच चकती पावणेतीन मिलिमीटरांवर येते, आणि रेनकोटाला खांदे फुटतात, छत्रीला काठ येतो. हे बटण फूल किती स्पष्ट येईल हे पाहण्यासाठी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग फुलाच्या मागे काय उगवणार आहे हे आधी कळण्यासाठी आहे. फुलाची बारीक स्पष्टता त्या अंधारात कोणालाच नीट जोखता येत नाही.

वापरण्याची रीत अशी. कॅमेरा शक्यतो तिवईवर ठेवावा, मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवतो तो) किंवा मॅन्युअल असावा आणि फोकस आधीच करून घ्यावा. बटण दाबल्यावर लगेच मत बनवू नये. दुसरा डोळा हाताने झाकून, रबरी आयकप चेहऱ्याला नीट टेकवून वीस-तीस सेकंद तसेच पाहत राहावे. डोळा सरावला की काळोखातून आकार वर येऊ लागतात. एकदम एफ ११ वर न जाता एफ ४, मग एफ ५.६, मग एफ ८ असे दर वेळी छिद्र बदलून बटण दाबत गेल्यास पार्श्वभूमी कोणत्या टप्प्यावर आकार धरू लागली ते सहज लक्षात येते. या वेळी नजर फुलावर ठेवू नये. फ्रेमचे चारही कोपरे, फुलाच्या कडेला लागून येणारी काडी, पानावरचे चमकणारे पाण्याचे थेंब आणि मागे कोठे उठून दिसणारा रंग असेल तर तो, एवढेच पाहावे. आपल्या बाबतीत एफ ५.६ वर रेनकोट बराच विरघळला असता. किंवा एफ ११ कायम ठेवूनही, कॅमेरा वीतभर डावीकडे सरकवला असता तर मागे पठाराचा मोकळा उतार आला असता. कासला गर्दीच्या दिवशी हा दुसरा उपाय अधिक खात्रीचा. रेनकोटवाले तेथून लवकर हलत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स आहे. एक मीटर अंतरावरून मुलीचे छायाचित्र एफ १.८ वर काढले. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळे आणि कान दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसत होते, प्रत्यक्षात कान पूर्ण धूसर आला. प्रिव्ह्यूचे बटण दाबूनही काही फरक दिसला नव्हता. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : एफ १.८ वर बटण दाबल्याने फरक पडण्याचा प्रश्नच नाही, कारण छिद्र आधीच पूर्ण उघडे आहे. आपली फसगत झाली ती व्ह्यूफाइंडरमधल्या काचेमुळे. ऑटोफोकस कॅमेऱ्यांतील फोकसिंग स्क्रीन लहान छिद्राच्या झूम लेन्सवरही उजळ दिसावी अशा रीतीने घडवलेली असते, आणि त्या उजळपणाची किंमत म्हणून लेन्सच्या कडेकडून तिरके येणारे किरण ती डोळ्यापर्यंत नीट पोचू देत नाही. परिणामी लेन्स कितीही मोठ्या छिद्राची असली, तरी व्ह्यूफाइंडरमधील धूसरपणा साधारण एफ २.८ ते एफ ४ च्या आसपासचाच दिसतो. खात्री करायची असेल तर छिद्र एफ २.५ वर ठेवून बटण दाबून पाहावे. लेन्सची पाती मिटताना समोरून दिसतील, व्ह्यूफाइंडरमधील दृश्य मात्र जवळजवळ तसेच राहील. एक मीटरवरून एफ १.८ ला आपल्याला मिळणारी खोली तीन सेंटिमीटरही नाही, आणि डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर लहान मुलाचे असले तरी त्याहून बरेच जास्त असते. अशा मोठ्या छिद्रांसाठी लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे थेट दृश्य) सुरू करून चित्र पाचपट किंवा दहापट मोठे करून पाहावे, तेथे सेन्सरला जे दिसते तेच आपल्याला दिसते. कानही स्पष्ट हवा असेल तर एफ ८ वर जावे; तेथे सुमारे बारा सेंटिमीटर खोली मिळते.

प्रश्न : माझ्या निकॉन डी ३५०० वर हे बटण सापडत नाही. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांमध्ये ते दिलेलेच नाही, डी ७००० आणि त्यावरच्या कॅमेऱ्यांवर ते लेन्सच्या बाजूला, उजव्या हाताच्या बोटांना लागेल असे असते. आपण हवे ते छिद्र ठेवून एक चाचणीचे छायाचित्र काढावे, पडद्यावर मोठे करावे आणि फुलापेक्षा आधी पार्श्वभूमी तपासावी. स्थिर विषयासाठी हा उपाय बटणापेक्षा किंचितही उणा नाही. उलट अंधारात डोळे ताणावे लागत नाहीत. पूर्वी रोल पुरवून वापरावा लागे तेव्हा हा सल्ला कोणी दिला नसता.

प्रश्न : मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात जे दिसते तेच छायाचित्रात येते, असे म्हणतात. मग या बटणाची गरज काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ते प्रकाशन आणि रंगाच्या बाबतीत बव्हंशी खरे आहे, खोलीच्या बाबतीत मात्र कंपनीगणिक वेगळे आहे. निकॉनचे झेड मालिकेचे कॅमेरे आपण ठरवलेले छिद्र एफ ५.६ पर्यंत प्रत्यक्ष दाखवतात. त्यापुढे एफ ८ किंवा एफ ११ ठेवले तरी दृश्य एफ ५.६ चेच राहते. कॅननच्या आर मालिकेत सर्वसाधारणपणे छिद्र उघडेच राहते, आणि खोली पाहण्याचे वेगळे बटण नसेल, तर ते काम एखाद्या बटणाला मेनूतून नेमून द्यावे लागते. हे आपण अवश्य करून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर छिद्र मिटल्यावर चित्राचा उजेड वाढवून देतो, त्यामुळे सातारच्या वाचकांना जाणवला तो काळोख येथे होत नाही. उजेड फारच कमी असेल तर चित्र दाणेदार तेवढे दिसते.

प्रश्न : बाहेरचा फ्लॅश लावून प्रिव्ह्यूचे बटण दाबले, तर फ्लॅश सेकंदभर फडफडत राहिला. ही बिघाडाची खूण तर नव्हे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नव्हे. कॅनन आणि निकॉनच्या अनेक फ्लॅशमध्ये याच बटणावर मॉडेलिंग फ्लॅशची सोय जोडलेली असते. अतिशय जलद, लहान चमका सलग पडतात आणि सावल्या कोठे पडणार ते त्या उजेडात पाहता येते. वारंवार दाबल्यास फ्लॅश तापतो, म्हणून खोलीच तपासायची असेल तेव्हा फ्लॅश बंद करून बटण दाबावे.