मावशीला विचारा : आजोबा रात्री बाराला काठी आपटतात

प्रश्न : मावशी नमस्कार. मी दिवाळे कोळीवाड्यात राहते, बेलापूरच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, मागच्या दारातून चार पावलं टाकली की खाडीच. तर आमच्या घरात आजेसासरे अजून आहेत असं सगळे धरून चालतात, म्हणजे ते वारले मी यायच्या आधीच, पण मागच्या पडवीत रात्री काठी आपटल्यासारखा आवाज येतो, ठक ठक, आणि बाथरूममधून कोणीतरी गुळण्या करतंय असं वाटतं. अमावस्या-पौर्णिमेलाच येतात बहुतेक, बाराच्या आसपास, दुसऱ्या दिवशी आले तर एकच्या पुढे. दिवाळीनंतर जास्तच. आम्हाला सवय झालीये खरं सांगू तर, सासूबाई रविवारी तळलेल्या बोंबलाचा एक तुकडा पडवीत ठेवतात आणि सकाळी तो नसतो, माझा सहा वर्षांचा मुलगा झोपेतच 'आजोबा आले' म्हणतो आणि कूस बदलतो. पण गेल्या महिन्यात मिस्टरांना रात्री जाग आली तर हातपाय हलेनात, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटलं, तोंडातून आवाजच फुटेना. तेव्हापासून ते घाबरलेत. ओळखीतल्या एकाने मांत्रिक सांगितला, तो म्हणतो मंत्राने घर बांधून देतो, म्हणजे आजोबा येणार नाहीत, एकवीस हजार. सासूबाई म्हणतात मेले तरी घरातलं माणूस आहे, बांधायचं काय. मी मधल्या मधे अडकलेय, काय करू?

उत्तर : अगं तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण तू सगळं उत्तर स्वतःच लिहून पाठवलंयस आणि तुला पत्ता नाही. तुझे आजेसासरे दुसऱ्या दिवशी जवळजवळ तासभर उशिरा येतात! भुताला कशाला उशीर होईल, त्याला काय ट्रान्स-हार्बर लोकल पकडायचीये? उशीर भरतीला होतो, रोज साधारण 50 मिनिटं, चंद्रामुळे. कोळीवाड्यातली सून तू, घरात कोणी म्हातारं असेल तर विचार, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. अमावस्या-पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा, त्यात थोडं पुढेमागे धरायचं, आले की नाही बाराचे आजोबा? आणि ते अष्टमीला का येत नाहीत तर तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढतच नाही. उधाणाला चढतं.

आता दिवाळीनंतर जास्त का, हे मला सगळ्यात आवडलं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात पण दोन्ही सारख्या नसतात, पावसाळ्यात दुपारची मोठी असते आणि थंडीत रात्रीची. म्हणजे जुलैमधे आजोबा दुपारी बाराला येत असणार, तेव्हा तू मिक्सर लावलेला असतोस, वर पाऊस पत्र्यावर कोसळतोय, कोण ऐकणार त्यांचं. हिवाळ्यात सगळं चिडीचूप असतं आणि पाणीही रात्रीच जास्त चढतं.

मग काठी कोण आपटतं? माझा अंदाज सांगते, मागच्या अंगणात गटाराचं चेंबर असेल ना, त्याचं झाकण. खाडीचं पाणी गटाराच्या तोंडातून उलटं आत शिरलं की पाईपातली हवा कोंडते, झाकण उचलतं, परत पडतं, ठक. तीच हवा बाथरूमच्या जाळीतून वर येते ती गुळण्या करते. नवी मुंबईचे बरेच भाग उधाणाच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत, म्हणून तर सिडकोने पाणी साठवायला होल्डिंग पाँड बांधले आणि नाल्यांच्या तोंडाला झडपा बसवल्या, भरती आली की पाण्याच्या दाबाने बंद, ओहोटीला उघड्या. त्यात गाळ आणि प्लास्टिक अडकलं की त्या नीट बंद होत नाहीत. गावठाणातल्या जुन्या गटारांना ती झडप तरी असेल की नाही कोण जाणे, प्लंबरला दाखव. आणि त्याआधी एक कर, भिंतीवरच्या कालनिर्णयवर महिनाभर आवाजाची वेळ लिही, तिथीसमोरच. येत्या पौर्णिमेला रात्री झाकणावर वरवंटा ठेव. आवाज थांबला तर एकवीस हजार वाचले. बोंबलाचा तुकडा कोण नेतं हे मी सांगणार नाही, कोळीवाड्यात मांजरं किती आहेत ते तुला माहितीये.

मिस्टरांचं वेगळं आहे, त्याचा पाण्याशी संबंध नाही. गाढ स्वप्नाच्या झोपेत शरीर स्वतःच हातपाय सैल सोडतं, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच उठून पळू. कधीकधी मेंदू आधी जागा होतो आणि अंग मागे राहतं, तेव्हा हलता येत नाही, छातीवर ओझं वाटतं, खोलीत कोणीतरी उभं आहे असंही वाटतं. मला बाळंतपणानंतर दोनदा झालंय, दोन्ही वेळा माझी सासू छातीवर बसलेली होती, आणि ती तेव्हा शेजारच्या खोलीत घोरत होती! जागरण आणि उताणं झोपणं कमी करायला सांग, वारंवार झालं तर डॉक्टर.

आणि एक विचारायचं राहिलं, बाथरूममधे गॅस गीझर आहे का? असेल तर खिडकी उघडी ठेवा. 1921 साली अमेरिकेत विल्मर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने एका कुटुंबाची हकीकत छापली होती, घरात पावलांचे आवाज, माणसं दिसायची, डोकी दुखायची, झाडं मरायला लागली, आणि निघालं काय तर घर गरम ठेवायच्या बिघडलेल्या भट्टीचा कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू घरात पसरत होता. त्याला वास नसतो. तुझ्या पत्रात डोकेदुखी नाही म्हणून मी फार ताणत नाही, पण बघून घे.

मांत्रिकाला पैसे देऊ नका. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असल्या फसवणुकीला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, हे त्याला गोड आवाजात ऐकव, पुन्हा फोन येणार नाही.

सासूबाईंचं मात्र मला पटलं. आजोबांना कशाला बांधायचं? माझं माहेर करंज्याचं, आमच्याकडे खाडीतल्या गिऱ्हाला, म्हणजे पाण्यातल्या भुताला घाबरायचो पण घरातल्या मेलेल्या माणसाला कोणी घाबरत नव्हतं, सर्वपित्रीला पान वाढायचं, वर्षभर त्याच्या खोड्या सांगायच्या. तसंच चालू दे. फक्त 'जेवला नाहीस तर आजोबा नेतील' असलं कोणी मुलाला म्हणत असेल तर ते आजच बंद करा. आणि त्याला पाऊणपट शिकव. पुढच्या पौर्णिमेला तोच सांगेल आजोबा किती वाजता येणार ते.

प्रश्न : घोडबंदर रोडला खाडी दिसणारा फ्लॅट भाड्याने घेतोय. एजंट हळूच म्हणाला की आधीच्या भाडेकरूला तिथे 'काहीतरी' दिसलं होतं, म्हणून भाडं कमी आहे. घेऊ का?

उत्तर : घे. कमी झालेलं भाडं तेवढं अॅग्रीमेंटमधे लिहून घे, अकरा महिन्यांनी मालकाला भूत आठवणार नाही. आणि भिंतीला ओल आहे का ते बघ, दिवसा, पंखे बंद करून.