वापरलेल्या अणुइंधनावरची पिवळी खनिजे

प्रश्न : वापरलेले अणुइंधन पाण्याच्या संपर्कात आले, की त्यावर युरेनियमची पिवळी खनिजे तयार होतात, असे वाचनात आले. ही खनिजे स्थिर असतात, की तीही पुढे विरघळून जातात? त्यांचे ऊष्मागतिकीय स्थैर्य मोजतात तरी कसे?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही, कारण स्थैर्य हा एकट्या खनिजाच्या अंगचा गुण नव्हे, भोवतालच्या पाण्यात काय विरघळलेले आहे, यावर ते ठरते.

वापरलेल्या इंधनाचा बहुतांश भाग युरेनियम डायऑक्साइडच असतो. त्यातील युरेनियम चतुःसंयुजी (संयुजा चार) असून ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. गॅबनमधील ओक्लो येथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी चाललेल्या नैसर्गिक अणुभट्ट्यांतील युरेनिनाइट, म्हणजे याच ऑक्साइडचे निसर्गातील रूप, आजवर मोठ्या प्रमाणात टिकून राहिले, ते अशाच परिस्थितीमुळे. ऑक्सिजन मिळाला, की मात्र युरेनियम षट्संयुजी (संयुजा सहा) होऊन युरेनिल आयनाच्या, म्हणजे युरेनियम व ऑक्सिजन यांच्या विद्युतभारित कणाच्या, रूपात पाण्यात उतरते आणि तिथून पिवळ्या खनिजांच्या रूपाने पुन्हा बाहेर पडते. सहसा प्रथम शोपाइटसारखी जलयुक्त ऑक्साइडे दिसतात, पण ती लवकर तयार होतात म्हणून. ती सर्वांत स्थिर आहेत म्हणून नव्हे. पाण्यात सिलिका आणि कॅल्शियम असेल, तर कालांतराने शोपाइटची जागा युरेनोफेन हे सिलिकेट घेते. मेक्सिकोतील पेन्या ब्लांका येथील नोपाल-१ या युरेनियम साठ्यात हा क्रम दिसतो, आणि अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत युरेनियम डायऑक्साइडवर ९० अंश सेल्सिअसचे पाणी वर्षानुवर्षे ठिबकवले, तेव्हाही साधारण तोच क्रम आढळला.

इंधनाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते हीच या विषयातील सर्वांत रोचक बाब आहे. इंधन स्वतः किरणोत्सारी असल्यामुळे ते आपल्या भोवतीच्या पाण्याचे रसायनच बदलून टाकते. इंधनातून बाहेर पडणाऱ्या आल्फा कणांची पाण्यातील मजल मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकीही नसते, पण तेवढ्या पातळ थरात ते पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. युरेनिल आयन त्याच्याशी संयोग पावून स्टुटाइट हे खनिज बनते. १९४७ साली काँगोतील शिंकोलोब्वे येथील नमुन्यांवरून या खनिजाचे वर्णन झाले होते. ते आणि त्याचे निर्जलित रूप मेटास्टुटाइट, एवढीच पेरॉक्साइड असलेली खनिजे ज्ञात आहेत. २००३ मध्ये कुबाट्को, हेलीन, नाव्ह्रोत्स्की व बर्न्स या संशोधकांनी केलेल्या मोजमापांतून असे दिसले, की पाण्यात पेरॉक्साइड असेल तर स्टुटाइट शोपाइटपेक्षा स्थिर ठरते. पेरॉक्साइडचा पुरवठा थांबला, तर पारडे शोपाइटकडे झुकते. म्हणजे इंधनाची किरणोत्सारिता कमी होत जाईल, तसे स्थिर खनिजही बदलू शकते.

आता मोजण्याविषयी. मूलद्रव्ये एकत्र आणून असे खनिज उष्णतामापकात घडवता येत नाही, म्हणून आडवाट घ्यावी लागते. खनिजाची छोटी गोळी सुमारे ७०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या सोडियम मॉलिब्डेटमध्ये टाकून तापन व विद्रावण यांची एकत्रित उष्णता मोजतात. तसेच मोजमाप घटक ऑक्साइडांवर करतात, पाण्याचा हिशेब धरतात आणि हेसच्या नियमाने (एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते, या तत्त्वाने) वजाबाकी करून खनिजाची निर्मिती-एन्थाल्पी, म्हणजे ते बनताना होणारी उष्णतेची देवघेव, काढतात. स्थैर्य ठरवायला एवढे पुरत नाही. एन्ट्रॉपीही (अव्यवस्थेचे माप) हवी, कारण निर्णय या दोन्हींतून ठरणाऱ्या गिब्ज मुक्त ऊर्जेचा असतो. त्यासाठी विद्राव्यतेचे प्रयोग उपयोगी पडतात. मात्र स्फटिक अतिसूक्ष्म असले, तर विद्राव्यता खऱ्याहून जास्त भासते, हे ध्यानात ठेवावे लागते.

प्रश्न : हा पिवळा थर आतल्या इंधनाचे संरक्षण करतो का?

उत्तर : काही अंशी, पण त्यावर विसंबता येत नाही. युरेनियम डायऑक्साइडची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ११ ग्रॅम, शोपाइटची ५ च्या आत आणि स्टुटाइटची त्याहूनही कमी असते. त्यामुळे नवे खनिज बरेच जास्त आकारमान व्यापते, थर सच्छिद्र राहतो आणि बंदिस्त जागेत वाढल्यास इंधनाच्या आवरणावर ताणही आणू शकतो. म्हणूनच फिनलंडमधील ओंकालो येथील वापरलेल्या इंधनाचे भांडार खोल खडकात, ऑक्सिजनविरहित भूजलाच्या परिसरात बांधले आहे. तेथे ही खनिजे होऊच नयेत, असाच उद्देश आहे.