दक्षिण कोरियन लेखिका हान कांग यांची 'ह्यूमन ॲक्ट्स' ही कादंबरी वाचावी का? फार त्रास होतो असं ऐकलंय.

त्रास होतो, खरं आहे. दुसऱ्या प्रकरणानंतर मी आठवडाभर पुस्तक मिटून ठेवलं होतं. तरीही वाचा असंच सांगेन. लोक ज्या गोळीबाराची आणि प्रेतांची धास्ती घालतात, ते सगळं त्यात आहेच. पण मला जास्त छळलं ते नंतरच्या तीस वर्षांनी.

पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. ऑक्टोबर १९७९ मध्ये दक्षिण कोरियाचे हुकूमशहा पार्क चुंग-ही यांची हत्या झाली. डिसेंबरात चुन दू-ह्वान या सेनाधिकाऱ्याने लष्कर ताब्यात घेतलं, आणि १७ मे १९८० ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, देशभर लागू झाला. दुसऱ्याच दिवशी ग्वांगजू शहरात विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, तर त्यांच्यावर पॅराट्रूपर सोडले. २१ तारखेला प्रांतिक सरकारच्या कचेरीसमोर जमावावर गोळ्या चालल्या. मग लोकांनीही शस्त्रं उचलली, सैन्य शहराबाहेर हटलं आणि २७ च्या पहाटे परत शिरलं. मेले किती, यावर अजून वाद आहे.

हान कांग ग्वांगजूच्याच. हे घडायच्या काही महिने आधी त्यांचं कुटुंब सोलला गेलं होतं. बारा वर्षांच्या असताना या कत्तलीच्या फोटोंचं चोरून वाटलं जाणारं पुस्तक त्यांना घरात सापडलं. त्यात विद्रूप केलेली प्रेतं होती, आणि जखमींना रक्त द्यायला दवाखान्याबाहेर लागलेली रांगही होती. दोन्ही माणसांचीच करणी! हे कोडं सुटलं नाही, असं त्यांनी २०२४ च्या नोबेल व्याख्यानात सांगितलंय.

कादंबरी २०१४ ची. कोरियन नावाचा अर्थ 'मुलगा येतो' असा, तो इंग्रजी नावात हरवलाय. मुलगा म्हणजे दोंग-हो, शाळकरी पोर. गोळीबारात मित्राचा हात सुटला आणि हा पळाला. आता त्या मित्राला शोधायला येतो आणि मुडद्यांची नोंद ठेवायच्या कामाला लागतो. कपडे कुठले, केस कसे, नंबर किती. हे पहिलं प्रकरण त्यालाच उद्देशून लिहिलंय. इंग्रजीत 'यू' आहे, मूळ कोरियनमध्ये जवळिकीचं 'तू'. मी मनातल्या मनात 'तू'च वाचत गेलो, तुम्हीही तसंच वाचा, फरक पडतो.

दर प्रकरणात बोलणारं माणूस बदलतं, वर्षं पुढे सरकतात. उन-सुक १९८५ मध्ये प्रकाशनसंस्थेत काम करते. एका अनुवादकाचा पत्ता सांगत नाही म्हणून चौकशीत सात थपडा खाते. रोज एक थप्पड विसरायची असं ती ठरवते. उठावानंतर कचेरीसमोरचं कारंजं पुन्हा सुरू झालेलं पाहून तिनेच फोन लावले होते: आत्ताच कसं पाणी उडतंय, बंद करा ना. मला अख्ख्या पुस्तकात हे फोन सगळ्यात जिव्हारी लागले. रक्त धुऊन झालं की शहर चालू होतं, आणि तिला ते चालू झालेलं सोसवत नाही.

पुढे एक सुटलेला कैदी बोलतो. त्याच्या बोटांमध्ये साधं बॉलपेन घालून पिळलं होतं. रोज एका ताटातलं जेवण दोघांत वाटून खायचं. ताटातला जोडीदार तुरुंगातून जिवंत सुटतो आणि बाहेर येऊन काही वर्षांनी स्वतःला संपवतो. त्याला मारलं कोणी, हे ज्याचं त्याने ठरवावं. (चुन दू-ह्वानना १९९६ मध्ये फाशी सुनावली गेली, १९९७ मध्ये माफी मिळाली.)

पाचवं प्रकरण मला दोनदा वाचावं लागलं. काळ सारखा पुढेमागे होतो. साक्ष रेकॉर्ड करायला टेप दिलेली बाई, आणि तिच्या तोंडून शब्द निघत नाही. गोंधळलात तर घाई करू नका, आणि शेवटी लेखिका स्वतः येते तो उपसंहार गाळू नका.

त्याआधी आईचं प्रकरण आहे. इतक्या वर्षांनी रस्त्यात दोंग-होसारखा एक मुलगा दिसतो आणि म्हातारी त्याच्या मागे मागे जाते. लहानपणी तो तिला हाताला धरून उन्हाकडे ओढायचा, आई, अंधारातून कशाला चालायचं, तिकडे फुलं आहेत बघ. ते प्रकरण रात्री वाचायला घेऊ नका, एवढं मात्र ऐका.