आधी अमिनो आम्ले, मग क्रेब्ज चक्र

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जळगावला विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचा आनंद ताजा असतानाच पहिल्या अंतर्गत परीक्षेत कमी गुण पडले, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. 'सगळे पाठ केले होते, पण प्रश्न वाचून काही सुचेना,' असे तू लिहिले आहेस. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेली बहुतेक मुले पहिल्या सत्रात हेच सांगतात. त्यांचे कष्ट कमी पडत नाहीत. ते चुकीच्या ठिकाणी खर्च होतात. पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या म्हणजे ग्लायकोलिसिसच्या 10 पायऱ्या, त्यापुढच्या ऊर्जा मिळवणाऱ्या क्रेब्ज चक्राच्या 8 आणि त्यांतील विकरांची (एन्झाइमांची) नावे यांच्या याद्या घोकण्यात महिना जातो, आणि ज्यांवर हे सारे उभे आहे त्या पीएच (द्रावण किती आम्ल वा अल्क), पीकेए (कोणत्या पीएचच्या आसपास गट प्रोटॉन सोडतो) व अमिनो आम्लांकडे (प्रथिनांचे घटक) 'ते तर सोपे आहे' म्हणून दुर्लक्ष होते.

म्हणून चक्रे काही दिवस बाजूला ठेव आणि 20 अमिनो आम्लांची रचना कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून काढायला शीक. नुसते नाव आणि एकाक्षरी खूण पुरत नाही. त्याची बाजूची साखळी पाण्यात रमते की पाण्यापासून पळते, पीएच 7 ला तिच्यावर ऋण भार असतो, धन भार असतो की काहीच नसतो, हे बोलता आले पाहिजे. हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या साखळीचा पीकेए 6 च्या आसपास आहे, म्हणजे पेशीतल्या पीएचला ती प्रोटॉन घेऊही शकते आणि सोडूही शकते; इतके ध्यानात आले की अनेक विकरांच्या क्रियास्थानी हिस्टिडिनच का सापडते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच भागातले आहे. सातपुड्यातल्या भिल्ल व पावरा वस्त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, हे नंदुरबारकडच्या मुलीला मी सांगायला नको. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो बदल. पाठांतर करणारा इथे थांबतो. तू मात्र पुढे विचार कर. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार आहे, व्हॅलिनवर नाही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत बीटा साखळ्या दोन, म्हणून दोन ऋण भार कमी झाले. मग अल्कधर्मी पीएचला इलेक्ट्रोफोरेसिस केल्यास, म्हणजे विजेच्या दाबाखाली रेणू सरकवल्यास, हा रेणू धन ध्रुवाकडे नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा सावकाश सरकणार. 1949 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी याच फरकावरून हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले, आणि नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले ते शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1956-57 मध्ये शोधले. आता व्हॅलिन पाण्यापासून पळणारे आहे, हे आठव. ऑक्सिजन निघून गेला की शेजारच्या रेणूवर त्याला लपायला खाच मिळते, रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. शिबिरात होणारी विद्राव्यता चाचणीही याच तर्काने समजते: डायथायोनाइट हे रसायन ऑक्सिजन काढून घेते, सिकल हिमोग्लोबिन विरघळलेले राहत नाही, नळी गढूळ होते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. एका अमिनो आम्लाच्या ओळखीतून एवढे सगळे निघते.

चक्रांकडे याच नजरेने परत ये. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला पहिल्याच पायरीत फॉस्फेट का जोडतात? कारण भार आलेला रेणू पेशीपटलातून बाहेर निसटू शकत नाही. ग्लायकोलिसिसमध्ये सुरुवातीला 2 एटीपी (पेशीत ऊर्जा वाहणारे रेणू) खर्च होऊन पुढे 4 मिळतात, निव्वळ 2 उरतात, हा हिशेब प्रत्येक पायरीवर फॉस्फेट कुठून आले आणि कुठे गेले हे बोट ठेवून सांगता आले तरच तुझा झाला.

प्रॅक्टिकलबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, आणि ती मला खटकली. 'जर्नल पूर्ण आहे' याचा अर्थ प्रयोग समजला असा होत नाही. वरच्या वर्गाच्या जर्नलमधली रीडिंग उतरवून सही मिळते, पण व्हायवात परीक्षक प्रमाण आलेख (ज्ञात द्रावणांच्या रीडिंगवरून काढलेला) सरळ रेषेत का आला आणि शेवटी का वाकला, हेच विचारणार. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव, कारण पुस्तके लिहिणारे थंड प्रदेशात बसून लिहितात. त्यांचे 'खोलीचे तापमान' 25 अंश असते. खानदेशात एप्रिलमध्ये दुपारच्या प्रॅक्टिकलला ते 42 असू शकते. ट्रिस बफरचा (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) पीएच दर अंशामागे साधारण 0.03 ने उतरतो. वातानुकूलित उपकरण-खोलीत 8.0 ला जुळवलेला बफर बाहेरच्या टेबलावर 7.5 च्या आसपास येतो, आणि विकराची क्रिया वेगळी दिसली की मुले विकरालाच दोष देतात. फॉस्फेट बफरमध्ये हा फरक फारच थोडा असतो. जर्नलमध्ये प्रत्येक रीडिंगशेजारी त्या वेळचे तापमान लिही, कोणी मागितले नसले तरी.

इंग्रजीची भीती तू दोनदा लिहिली आहेस. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची आहे, हे खरे. पण विचार इंग्रजीतच करायला हवा असे कोणी सांगितले? वसतिगृहातल्या मैत्रिणीला अहिराणीत समजावून सांग, संज्ञा तेवढ्या इंग्रजी ठेव, आणि समजावताना जिथे अडखळशील तिथे पुस्तक उघड. गाइडच्या झेरॉक्स प्रती मात्र कपाटातच राहू देत. जाड पाठ्यपुस्तकाचे पान सुरुवातीला फार वेळ खाईल, तो खाऊ दे.

पुढच्या पत्रासोबत एक गणित सोडवून पाठव: 0.1 मोलर ॲसिटेट बफर, पीएच 5.0, पीकेए 4.76, आकारमान 500 मिलिलिटर. ॲसेटिक आम्ल किती आणि सोडियम ॲसिटेट किती? कच्चे कामही पाठव, कारण मला उत्तरापेक्षा तेच पाहायचे आहे.

तुझे,
सर