वाचकांचे प्रश्न : गिटची शाखा आणि चिठ्ठी

प्रश्न : प्रकल्पातील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या आज्ञा पाठ करूनही माझा गोंधळ होतो, शाखा पुसली की केलेले काम गेले, अशी धास्ती वाटते. एखादे सोपे चित्र मनात धरावे का?

उत्तर : अवश्य धरावे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी घडवलेल्या या साधनात प्रत्येक कमिट म्हणजे संपूर्ण प्रकल्पाचे त्या क्षणीचे छायाचित्र असून त्यावर आधीच्या छायाचित्राचा पत्ता लिहिलेला असतो, आणि शाखा म्हणजे त्यांपैकी एकाला चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठी फाडली तरी छायाचित्र लगेच नष्ट होत नाही; रिफ्लॉगमधून, म्हणजे गिट ठेवत असलेल्या अलीकडच्या हालचालींच्या नोंदीतून, ते बहुधा परत मिळते. मात्र कमिट न केलेल्या बदलांना हे संरक्षण नाही, हे मी आग्रहाने सांगेन. जागा वाचवण्यासाठी गिट डिस्कवर पुष्कळदा केवळ फरक साठवते, तिथे हे चित्र अपुरे पडते. रोजच्या कामात त्यामुळे काही अडत नाही.