ब्रोकोलीचे कोंब आईला देऊ का?

प्रश्न : ब्रोकोलीचे कोंब खाल्ल्याने कॅन्सर टळतो, असं वाचलं. आईचं वय ६८, ती रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी घेते. तिला कच्चे कोंब देऊ का?

उत्तर : कच्चे नकोच. उबदार ओलाव्यात कोंबांबरोबर साल्मोनेलासारखे जिवाणूही वाढतात, आणि कितीही धुतलं तरी ते सगळे जात नाहीत. उतारवयात ही जोखीम मी घेऊ देत नाही. शिवाय कोंबांत व्हिटॅमिन के असतं, त्याने वॉर्फरिनचा परिणाम कमी होऊ शकतो. आधी डॉक्टरांशी बोला.

कॅन्सर टळतो, हे माणसांत सिद्ध झालेलं नाही. पण कोंबांचं कौतुक उगाच नाही. १९९७मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पॉल टॅलले यांच्या गटाला तीन दिवसांच्या कोंबांत ग्लुकोराफॅनिन हे द्रव्य पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या १० ते १०० पट आढळलं. कोंब चावला की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) ग्लुकोराफॅनिनला भिडतं आणि सल्फोराफेन तयार होतं. शरीराची विषारी द्रव्यं बाहेर टाकणारी यंत्रणा ते जागी करतं. शिजवल्यावर हे विकर निकामी होतं, पण मोहरीतही ते असतं, म्हणून वरून चिमूटभर मोहरीची पूड घातली की काम पुन्हा चालतं. डॉक्टरांनी होकार दिला, तर आईंना असेच शिजवून द्या.